क्रिस्टल सेटचं गणित जुळत नाही: वर्गात एलसी रेझोनन्स दाखवायचा आहे

लोहचुंबक (प्रश्न)

बारावीला एलसी रेझोनन्स (कॉइल आणि कपॅसिटर एका ठरावीक वारंवारतेला जुळणं) शिकवताना फळ्यावर सूत्र लिहून थांबायचं नाही, मध्यम लहरींचा क्रिस्टल सेट (बॅटरीशिवाय चालणारा साधा रेडिओ) वर्गात चालवून दाखवायचा, असा विचार आहे. जुळणी अशी:

कॉइल: ५० मिमी बाह्य व्यासाची पीव्हीसी नळी, ०.५ मिमीची इनॅमल्ड तांब्याची तार, एकाला एक चिकटून ९० वेढे, गुंडाळीची लांबी ५० मिमी.
गँग (फिरवून कपॅसिटन्स बदलता येणारा कपॅसिटर): हवेचा, १५ ते ३६५ पीएफ (पिकोफॅरॅड).
अँटेना: २० मीटर वायर, थेट कॉइलच्या वरच्या टोकाला. खालचं टोक अर्थला.
डिटेक्टर: १एन३४ए जर्मेनियम डायोड, तोही वरच्याच टोकावरून. पुढे क्रिस्टल इअरफोन.

व्हीलरच्या सूत्राने इंडक्टन्स २७९ मायक्रोहेन्री येतो. त्यावरून पट्टा ४९९ ते २४६० किलोहर्ट्झ असायला हवा. डायोड सोडवून, दोन वेढ्यांच्या लिंक कॉइलने सिग्नल देऊन ऑसिलोस्कोपच्या १०एक्स प्रोबने मोजलं, तर ४२६ ते ७७८ किलोहर्ट्झ! खालच्या टोकाला थोडा फरक आणि वरच्या टोकाला तिप्पट, हे कसं?

आणखी दोन अडचणी: स्टेशनं एकमेकांत मिसळतात, आणि इअरफोनमध्ये आवाज क्षणभर येऊन विरतो.

मध्यमलहरी

तुमचं सूत्र बरोबर आहे आणि कॉइलही बरोबर आहे. चुकतंय ते एवढंच की सूत्रात घातलेला कपॅसिटन्स फक्त गँगचा आहे. सर्किटला मात्र जे जे जोडलं आहे ते सगळं दिसतं.

उलटं गणित करून पाहा. मेगाहर्ट्झ, मायक्रोहेन्री आणि पीएफ वापरले तर सूत्र सुटसुटीत होतं: वारंवारता = १५९.१५ ÷ √(एल × सी). २७९ मायक्रोहेन्रीला ७७८ किलोहर्ट्झवर १५० पीएफ लागतात. गँग उघडा असताना त्याचे १५, म्हणजे वरचे १३५. आता दुसरं टोक: ४२६ किलोहर्ट्झला ५०० पीएफ. गँगचे ३६५ वजा केले की पुन्हा १३५! दोन्ही टोकांना एकच आकडा आला, म्हणजे गँगला समांतर असा एक कायमचा कपॅसिटर बसलेला आहे. ३६५ मध्ये १३५ मिळवले तर फारसं बिघडत नाही. १५ मध्ये मिळवले तर कपॅसिटन्स दसपट होतो आणि वारंवारता √१० ने, म्हणजे जवळजवळ तिपटीने घसरते. तुमचा ‘तिप्पट’ इथून आला.

या १३५ पीएफचा हिशोब लावू. जमिनीपासून काही मीटर उंच आडवी वायर मीटरला साधारण ५ ते ६ पीएफ देते, म्हणजे २० मीटरचे सुमारे ११२. (७७८ किलोहर्ट्झची तरंगलांबी ३८५ मीटर. तिच्या पावपटीपेक्षा अँटेना खूपच आखूड असल्यामुळे ती कपॅसिटरसारखी वागते.) १०एक्स प्रोबचे १० ते १५, ते १३ धरा. उरलेले १०: त्यात कॉइलचा स्वतःचा २-३, बाकी वायरिंग आणि पट्ट्या.

उपाय: अँटेना थेट न जोडता १५ पीएफच्या कपॅसिटरमधून जोडा. ११२ आणि १५ एकसर झाले की सर्किटला फक्त १३ दिसतात. प्रोब काढल्यावर किमान कपॅसिटन्स १५ + १० + १३ = ३८ आणि कमाल ३८८. याला २७९ मायक्रोहेन्री जास्त होतो, म्हणून १० वेढे उलगडा. ८० वेढ्यांना (लांबी साधारण ४५ मिमी) २३९ मायक्रोहेन्री मिळेल आणि पट्टा ५२३ ते १६७० किलोहर्ट्झ होईल. ९ किलोहर्ट्झ अंतराच्या पद्धतीत मध्यम लहरींची स्टेशनं ५३१ ते १६०२ वर असतात, ती सगळी यात येतात.

अँटेनाची वायर विजेच्या तारांवरून किंवा शेजारून नेऊ नका, ढग गडगडायला लागले की सेटपासून सोडवून थेट अर्थला जोडा. आणि मेन्सच्या सॉकेटची अर्थ पिन वापरू नका, त्यासाठी जमिनीत ठोकलेला स्वतंत्र रॉड हवा.

सोल्डर

स्टेशनं मिसळण्याबद्दल. ही सिलेक्टिव्हिटीची (जवळची स्टेशनं वेगळी करण्याच्या क्षमतेची) बाब आहे आणि ती ‘क्यू’वर, म्हणजे रेझोनन्स किती टोकदार आहे यावर, ठरते. १ मेगाहर्ट्झला २३९ मायक्रोहेन्रीचा रिअॅक्टन्स १५०० ओहम. अशा कॉइलचा मोकळा (भार न जोडता) क्यू २०० धरायला हरकत नाही, म्हणजे टँकचा (कॉइल आणि गँगच्या जोडीचा) समांतर रोध ३०० किलोओहम आणि बँडविड्थ ५ किलोहर्ट्झ. आता वरच्या टोकाला डायोड आणि त्यापुढचा भार जोडला. तो टँकला २५ किलोओहमसारखा दिसत असेल तर एकूण २३ किलोओहम, क्यू १५, बँडविड्थ ६५ किलोहर्ट्झ. एवढ्या खिडकीत ९ किलोहर्ट्झ अंतराची सात स्टेशनं मावतात.

डायोड वरच्या टोकाऐवजी कॉइलच्या टॅपवर आणा. अर्थच्या बाजूने मोजून २७ व्या वेढ्यावर, म्हणजे एक तृतीयांशावर. रोध वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे तेच २५ किलोओहम टँकला २२५ किलोओहम दिसतात. एकूण रोध १२९ किलोओहम, क्यू ८६, बँडविड्थ सुमारे १२ किलोहर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरचा धडा याच मुलांनी नुकताच शिकलेला असतो, तो इथे कामाला येतो. टॅप काढताना तार तोडू नका: २७ व्या वेढ्याला एक लहान पीळ घालून लूप बाहेर काढा, त्यावरचं इनॅमल पॉलिश पेपरने पूर्ण खरवडा, मगच सोल्डर करा. अर्धवट खरवडलेल्या तारेवर सोल्डर चिकटल्यासारखं दिसतं पण जोड लागत नाही. ‘सेट मुका आहे’ या तक्रारीमागे मला सर्वात आधी याचाच संशय येतो.

क्यू खाणारी दुसरी जागा अर्थ. अर्थचा रोध ५० ओहम धरला आणि अँटेना थेट जोडली, तर ७७८ किलोहर्ट्झला ११२ पीएफचा रिअॅक्टन्स १८२६ ओहम. समांतर रूपात हा तोटा १८२६² ÷ ५० म्हणजे ६७ किलोओहम होतो. मध्यमलहरी यांनी सुचवलेला १५ पीएफ लावल्यावर १ मेगाहर्ट्झला हाच आकडा २९ लाख ओहमच्या घरात जातो. एकाच कपॅसिटरने पट्टाही सुधारतो आणि धारही येते. बदल्यात आवाज थोडा कमी होईल. फार कमी झाला तर २२ किंवा ३३ पीएफ लावून पाहा.

इअरफोन: क्रिस्टल इअरफोन हा मुळात कपॅसिटर, त्यातून डीसी जात नाही. डायोड त्याला एकाच दिशेने भरत राहतो, विद्युतभार निघून जायला वाट नसते, मग डायोडवर उलटं बायस बसून तो वाहायचा थांबतो. इअरफोनला समांतर ४७ ते १०० किलोओहमचा रेझिस्टर लावा. वेगळा फिल्टर कपॅसिटर नको, इअरफोनचा स्वतःचा पुरतो.

१एन३४ए ऐवजी १एन४१४८ लावून ‘चालत नाही’ असंही मुलांना दाखवा. सिलिकॉन डायोड अर्धा व्होल्टच्या पुढे नीट वाहतो, टँकवर मात्र बहुतेक वेळा मिलिव्होल्ट असतात. आणि जर्मेनियम डायोड उलटा लावला तरी आवाज तसाच येतो, कारण एएमच्या (आवाजाप्रमाणे लहरीची उंची बदलणाऱ्या सिग्नलच्या) दोन्ही बाजूंच्या आवरणात माहिती एकच असते. वर्गासाठी हा प्रश्न फार छान आहे.

लोहचुंबक

८० वेढे, टॅप, १५ पीएफ आणि ४७ किलोओहम, सगळं केलं. आवाज टिकतो आणि स्टेशनं वेगळी होतात. पण डायोड सोडवून मोजलं तर पट्टा ५१४ ते १४४२ किलोहर्ट्झ. १६७० कुठे गेले?

मध्यमलहरी

ते प्रोबने घेतले. पट्ट्याचं गणित प्रोब काढून केलेलं होतं, तुम्ही प्रोब टँकवर लावून मोजलंत. ३८ + १३ = ५१ पीएफ. १५९.१५ ÷ √(२३९ × ५१) बरोबर १.४४. खालच्या टोकाला ३८८ चे ४०१ झाले, म्हणून ५१४. तुमची मापं अचूक आहेत!

प्रोब टँकला न लावता मोजायचं असेल तर दोन वेढ्यांची दुसरी लिंक कॉइल करा आणि प्रोब तिच्यावर लावा. जनरेटरची लिंक कॉइलच्या एका टोकाला, स्कोपची दुसऱ्या टोकाला, दोन्ही ४-५ सेंटिमीटर दूर. व्होल्टेज कमी दिसेल, पण शिखर जागेवर असेल. पडताळा असा: लिंक आणखी एक सेंटिमीटर लांब सरकवा. शिखराची वारंवारता हलली तर कपलिंग अजून घट्ट आहे. प्रोब १एक्सवर तर चुकूनही ठेवू नका, केबलसकट १०० पीएफच्या आसपास भर पडते.

आलेखकागद

माझ्या मते हाच ‘चुकलेला’ भाग मुख्य प्रयोग व्हावा आणि रेडिओ त्यानंतर यावा. रेडिओ वाजला की मुलं खूश होतात, पण न दिसणारा कपॅसिटर त्यांना सापडतो तो आलेखावर.

गँग आणि अँटेना काढा. कॉइलला एकेक करून १००, १५०, २२०, ३३० आणि ४७० पीएफ लावा आणि दरवेळी शिखराची वारंवारता मोजा. प्रोब या वेळी मुद्दाम टँकवरच ठेवा. आडव्या अक्षावर लावलेला कपॅसिटन्स, उभ्या अक्षावर १ ÷ वारंवारतेचा वर्ग. २३९ मायक्रोहेन्रीच्या कॉइलला १०० पीएफवर सुमारे ९२८ आणि ४७० पीएफवर ४६४ किलोहर्ट्झ मिळायला हवेत. मेगाहर्ट्झमध्ये वर्ग करून उलटे केले की १.१६ आणि ४.६५. चढ = ३.४९ ÷ ३७० = ०.००९४३. त्याला २५,३३० ने (वरच्या सूत्रातल्या १५९.१५ च्या वर्गाने) गुणलं की इंडक्टन्स थेट मायक्रोहेन्रीत मिळतो: २३९. रेषा मागे वाढवली तर ती आडव्या अक्षाला उणे २३ पीएफवर छेदते. तेच २३ म्हणजे प्रोबचे १३ आणि कॉइल-वायरिंगचे १०. मग प्रोब दुसऱ्या लिंकवर नेऊन पुन्हा वाचनं घ्या: रेषा समांतर सरकते, चढ तोच राहतो आणि छेद उणे १० वर येतो.

बिघडतं ते बहुतेक कपॅसिटरमुळे. मोठ्या टॉलरन्सचे डिस्क सिरॅमिक नकोत, त्यांच्यावर छापलेला आकडा आणि खरी किंमत यांत बराच फरक असू शकतो, शिवाय तापमानाने ती बदलते. एनपी० सिरॅमिक, पॉलिस्टायरिन किंवा सिल्व्हर मायका घ्या, ५ टक्क्यांचे चालतील: कपॅसिटन्समधली ५ टक्के चूक वारंवारतेत अडीच टक्केच उतरते. कपॅसिटरचे पाय दरवेळी सारख्याच लांबीचे ठेवा, आणि ब्रेडबोर्ड टाळा. त्याच्या शेजारच्या पट्ट्या आपले काही पीएफ घालतात, ते जागेप्रमाणे बदलतात आणि बिंदू रेषेवरून हलतात. लाकडी पट्टीवर स्क्रू आणि वॉशर लावलेले दोन टर्मिनल पुरेसे आहेत.

जनरेटर १ किलोहर्ट्झच्या टप्प्याने फिरवा. क्यू १०० च्या वर असेल तर शिखर जेमतेम ५-१० किलोहर्ट्झ रुंद असतं, १० च्या टप्प्याने गेलात तर ते हातचं निसटतं. आणि वाचन घेताना कॉइलपासून हात दूर: तळहात जवळ नेला की शिखर खाली सरकतं. हे मुलांना करून बघू द्या, ‘मग हातसुद्धा कपॅसिटर आहे का?’ हा प्रश्न ती स्वतःच विचारतात.