दाढेत पुन्हा चांदी, पांढरं सिमेंट की थेट कॅप? (वाशी-नेरूळ)

सानपाडेकर: खालच्या दाढेत कॉलेजात असताना भरलेली चांदी परवा निघाली. एक डॉक्टर म्हणतात कॉम्पोझिट (ते दाताच्या रंगाचं पांढरं) भरू, दुसऱ्या म्हणतात थेट कॅप. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. मजबूत काय? आणि इथे जवळपास कुठे दाखवावं?

घोडबंदरवाला: चांदीच! आमच्या मातोश्रींची अजून ठणठणीत आहे. हल्लीचं ते पांढरं पटकन निघतं.

अक्कलदाढ: दातांचाच धंदा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चांदी दणकट, वाद नाही. पण ती दाताला चिकटत नाही. अडकून बसावी म्हणून खड्डा आतून रुंद कोरतात, त्यात चांगला दातही जातो. मग चांदी शाबूत राहते आणि शेजारची भिंत तुटते. (त्यात जवळपास निम्मा पारा. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून तिचा वापर जवळजवळ बंदच केला.)

कॉम्पोझिट चिकटतं, भिंतींना धरून ठेवतं. मात्र निळ्या लाइटखाली घट्ट होताना साधारण २-३ टक्के आक्रसतं, म्हणून २ मिमीचे थर देत भरायचं. थुंकी लागली की चिकटणं संपलं. घोडबंदरवाले, पटकन निघण्यामागे बरेचदा हेच असतं. रबर डॅम (दात कोरडा ठेवायला भोवती ताणून लावतात ती रबराची चादर) लावणार का, एवढं विचाराच.

पण खरा प्रश्न मालाचा नाहीच, दात किती उरलाय त्याचा आहे. १९८९ साली उपटलेल्या उपदाढांवर (सुळा आणि दाढांच्या मधले दात) मोजलं होतं: रूट कॅनलसाठी दात उघडल्याने ताठपणा ५ टक्के घटला, नुसत्या वरच्या खड्ड्याने २० आणि पुढची-मागची दोन्ही कडा गेल्यावर ६३ टक्के! तुमच्या कडा आहेत का?

सानपाडेकर: मागची गेलीय. आणि चावून *सोडताना* कळ येते.

अक्कलदाढ: मग नुसतं भरून घेऊ नका. सोडतानाची कळ म्हणजे तड्याची शंका. प्लास्टिकची छोटी काडी दाढेच्या एकेका टोकावर (वरच्या उंचवट्यावर) ठेवून चावायला लावतात, त्यावरून जागा कळते. तडा निघाला तर टोकं झाकणारं ऑनले किंवा कॅप. तुमच्या दुसऱ्या डॉक्टर बहुतेक तेच म्हणताहेत.

कामोठेकर: खर्चाचं बघायचं असेल तर दंत महाविद्यालयं: नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, आमच्याकडे एमजीएम. विद्यार्थी करतात, वर सर-मॅडम तपासतात. वेळ मात्र हाताशी ठेवून जा.

सानपाडेकर: तेरणा सोयीचं पडेल. तोवर त्या बाजूने चावलं तर चालेल?

अक्कलदाढ: अजिबात नाही. चकली तर लांबच ठेवा.