मदत हवी आहे: मेण-भुशाच्या वड्या लवकर पेट घेत नाहीत

कॅम्पफायर पेटवायला अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये वड्या करतो. प्रत्येक खळग्यात लाकडाचा कोरडा भुसा हलक्या हाताने भरायचा, वरून वितळलेलं पॅराफिन मेण ओतायचं. मापाने साधारण तीन भाग भुसा, एक भाग मेण. मेण थेट आचेवर नाही, गरम पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवूनच वितळवतो (थेट आचेवर ते भडकू शकतं, हे नव्यांसाठी). प्लायवूड-एमडीएफचा भुसा त्यातल्या गोंदामुळे वापरत नाही.

एकदा पेटली की वडी छान जळते. अडचण आहे ती पेट घेण्यात. वर मेणाचा गुळगुळीत थर बसतो आणि काडी टेकवली की तो नुसता वितळून खाली जातो, ज्योत धरतच नाही. पुठ्ठ्याची कड फाडून तिथे पेटवलं तर चालतं, पण हवा दमट असली की तीही रुसते. मेण कमी केलं तर वडी हातात चुरते.

भुसा फार बारीक असल्याने तो दाबला जाऊन आत हवा राहत नाही, असा माझा अंदाज आहे. मग निम्मा भुसा काढून रंधा मारून निघालेली सालपटं घालावीत का? की मेण गोठण्याआधी सुती सुतळीचा तुकडा वात म्हणून खोचावा? तो आधी मेणात बुडवायचा की कोरडाच ठेवायचा? आणि मेणात थोडं व्हॅसलीन मिसळलं तर वडी उन्हात फार मऊ पडेल का? ज्यांनी केलंय त्यांनी प्रमाणासकट सांगा.