मदत हवी आहे: स्टेशन वॅगनच्या मागच्या सस्पेन्शनचे ॲडजस्टर, हातच पोचत नाही

नमस्कार मंडळी, गाड्यांमध्ये हात काळे करणारं कोणी असेल तर प्लीज वाचा, थोडं लांबलंय.

मी स्टुटगार्टजवळ राहतो. मागच्या वर्षी सेकंडहँड स्कोडा ऑक्टाविया कॉम्बी घेतली, दुसऱ्या पिढीची, २०११ची. कॉम्बी म्हणजे आपण स्टेशन वॅगन म्हणतो ती, आपल्याकडे फारशी चालली नाही पण इथे दर तिसऱ्या घरापुढे एक उभी असते. आधीच्या मालकाने तिच्यात कॉइलओव्हर किट (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट) टाकलेलं आहे (ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, त्यांचा काही दोष नाही) आणि गाडी बरीच खाली बसवलेली आहे. किटची नोंद गाडीच्या कागदांवर व्यवस्थित आहे, म्हणजे ट्यूफवाल्यांचा (इथली गाड्यांची सक्तीची तपासणी) प्रश्न नाही. दिसायला एकदम भारी दिसते, त्यालाच भुललो खरं तर.

आता प्रॉब्लेम. पुढून गाडी मस्त आहे. मागून मात्र दगड. एकटा असलो की चालून जातं, पण उन्हाळ्यात आई-बाबा आले होते, मागे आई, बायको आणि पोरगी, डिकीत चार बॅगा, आणि प्रत्येक जॉइंटला असा दणका बसायचा की आईने दुसऱ्या दिवशी सांगितलं मी ट्रेनने येते. आईने गाडीला नाव ठेवणं म्हणजे आमच्याकडे शेवटचा शब्द. शिवाय मागचा उजवा कोपरा डाव्यापेक्षा साधारण दीड सेंटीमीटर खाली आहे, आणि मागचे दोन्ही टायर आतून खातायत.

म्हटलं शॉकअपवर नॉब आहेच, चार क्लिक नरम करू, संपला विषय. तर नॉब कुठे, शॉकअपच्या दांड्याच्या अगदी टोकाला. आणि ते टोक कुठे, तर वरच्या माउंटच्याही वर, बॉडीच्या पत्र्यात घुसलेलं. मला वाटलं डिकीतून येत असेल, म्हणून रविवारी बसून डिकीची साइडची ट्रिम काढली (दोन क्लिपा मोडल्या), बघतो तर खाली बंद पत्रा. भोक नाही काही नाही. चाक काढून व्हील आर्चमधून हात घातला तर माउंट आणि पत्र्याच्या मधे बोटाचं नखसुद्धा जात नाही.

हाइटची रिंग वेगळीच. या गाडीला मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत, स्प्रिंग आतल्या बाजूला खालच्या आर्मवर (चाक धरून ठेवणारा आडवा दांडा) बसते, आणि रिंग स्प्रिंगच्या वर. किटबरोबरचा हुकवाला पाना तिथे लागतो, पण फिरवायला जागा दोन बोटं, आणि मिठाच्या रस्त्यांवर इतके हिवाळे काढल्यामुळे आटे गंजून एकजीव झालेत. डब्ल्यूडी-४० मारून तीन दिवस ठेवलं, ढिम्म.

मी मूळचा छत्रपती संभाजीनगरचा (तेव्हाचं औरंगाबाद), आमच्या शेंद्र्याच्या स्कोडाच्या प्लांटमध्ये २००१ पासून ऑक्टाविया बनायला लागली आणि काकांकडे पहिल्या पिढीची होती, तिच्याखाली मी कॉलेजमध्ये असताना तासन् तास पडलेलो आहे. पण तिला मागे साधा टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा बीम) होता, ही मल्टिलिंक म्हणजे खाली बघितलं की नुसते आर्मच आर्म.

तर विचारायचं हे की नॉबपर्यंत कोणी कसं पोचलंय? डिकीच्या पत्र्याला वरून ड्रिल मारून भोक पाडलेले लोक आहेत म्हणे, पण मला ते नको, गंज लागणार आणि दर दोन वर्षांनी ट्यूफला उत्तरं देत बसायचं. केबलसारखं लवचिक एक्सटेन्शन मिळतं ते कोणी वापरलंय का? घरी पार्किंगमध्येच करायचंय, आणि रविवारी ठोकाठोक चालत नाही, खालच्या मजल्यावरच्या आजी लगेच बेल वाजवतात.

प्रतिसाद १

ड्रिल अजिबात नको. लवचिक एक्सटेन्शन चांगलं असतं पण त्याला बाहेर निघायला वाट लागते, तुमच्याकडे वर वाटच नाही म्हटल्यावर ते बसवून करणार काय. या प्लॅटफॉर्मला (म्हणजे खालचा सांगाडा, फोक्सवॅगन गोल्फ ५, गोल्फ ६ सगळे भाऊ) एकच सरळ रस्ता आहे, शॉकअप वरून सोडायचा. चाक काढा, व्हील आर्चच्या आत माउंटचे दोन बोल्ट दिसतील, लांब एक्सटेन्शन लावून ते काढा, शॉकअप खालच्या बोल्टवर तसाच राहू दे, हाताने दाबून बाहेर कलता करा, नॉब समोर येतो. पण त्याआधी खालच्या आर्मला जॅकचा आधार द्या, नाहीतर शॉकअप सुटल्यावर आर्म धाडकन खाली येईल. आणि गाडी जॅकस्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका, हे दहा वेळा सांगितलं तरी कमीच.

नॉब आधी पूर्ण कडक बाजूला फिरवून थांबेपर्यंत न्या आणि तिथून उलट क्लिक मोजा, दोन्ही बाजूंना सारखे. आत्ता कितीवर आहे तेही मोजून लिहून ठेवा, मला पैज लावा दोन्ही बाजू वेगळ्या निघणार.

प्रतिसाद २

मला वाटतं तुम्ही चुकीच्या नॉबच्या मागे लागलायत.

एकटे असताना चालून जातं आणि मागे तीन माणसं चार बॅगा भरल्या की दणका, हे डॅम्पिंगचं (शॉकअपच्या नरम-कडकपणाचं) लक्षण नाही वाटत. गाडी इतकी खाली आहे की लोड टाकल्यावर शॉकअपचा प्रवासच संपतोय आणि ती बंप स्टॉपच्या रबरावर बसतेय. मग नॉब कितीही नरम करा, उलट नरम केलात तर अजून लवकर आपटेल. तपासायला दहा मिनिटं लागतात: शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक केबल टाय गुंडाळून खाली शॉकअपच्याच बॉडीला टेकवा, सगळ्यांना बसवून नेहमीच्या खराब रस्त्यावर एक चक्कर मारा आणि टाय कुठपर्यंत सरकला ते बघा. रबराला जाऊन चिकटला असेल तर हाइट वाढवा. अर्थात कागदांवर जी रेंज दिलीय तिच्या आतच, तिच्या बाहेर गेलात की नोंद असून नसल्यासारखी.

टायर आतून खाणं पण त्यातच आलं, मागून गाडी खाली बसली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आत झुकतो आणि टो (चाकाची पुढे बघायची दिशा) पण बदलतो.

प्रतिसाद ३

रिंगसाठी: स्प्रिंग गाडीत ठेवूनच फिरवायचा हट्ट सोडा. मी दोन दिवस तो पाना घेऊन झगडलो, बोटांची सालं गेली, आणि शेवटी स्प्रिंग काढली तेव्हा वीस मिनिटांत झालं. आर्मला जॅक लावा, शॉकअपचा खालचा बोल्ट आणि आर्मचा बाहेरचा, हबकडचा बोल्ट काढा, जॅक हळूहळू खाली सोडा. लोअरिंगची स्प्रिंग आखूड असते, आर्म पूर्ण खाली गेला की बहुतेक वेळा हाताने निघते. स्प्रिंगमध्ये ताण राहिलाय असं जरा जरी वाटलं तर थांबा आणि स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर लावा. बाहेर आल्यावर रिंग टेबलावर ठेवून पितळी ब्रशने आटे साफ, गंजाचं तेल, मग फिरवा. बसवताना आट्यांना ग्रीस. आणि बुशवाले (आर्मच्या टोकातल्या रबराचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असते त्या उंचीला आर्म आणूनच फायनल टाइट करा, हवेत लटकत असताना आवळलेत तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

घरी करू नका हे. तुमच्याकडे तासावर लिफ्ट भाड्याने देणारी गॅरेजं असतात ना, ते जर्मन नाव उच्चारायला गेलो तर जीभ अडकेल. शनिवारी सकाळी बुक करा, आजी पण खूश.

प्रतिसाद ४

गाडी विका आणि आईला ट्रेनचा पास काढून द्या. (गंमत हो.)

बाकी मेहनत करण्याआधी वरच्या आर्मचा सबफ्रेमकडचा (आर्म जिला जोडलेले असतात ती खालची फ्रेम) कॅम्बरचा बोल्ट फिरतोय का ते बघा. तो बुशच्या आतल्या नळीत गंजून बसतो, तुम्ही फिरवता तेव्हा फिरल्यासारखा वाटतो पण रबर पिळून परत जागेवर येतो. तसं असेल तर अलाइनमेंटवाला हात वर करणार. नवा आर्म आणि नवा बोल्ट आधीच मागवून ठेवा.

धागाकर्ता, तीन आठवड्यांनी

सगळ्यांचे आभार, आणि प्रतिसाद २ला साष्टांग. केबल टाय लावला, बायको, पोरगी आणि पाण्याचे सहा क्रेट घेऊन गावाबाहेरच्या त्या खडबडीत रस्त्यावर एक चक्कर मारली, टाय दोन्हीकडे रबरात रुतून बसलेला. म्हणजे इतके दिवस मी ज्या नॉबसाठी डिकी उसवत होतो त्याचा दणक्याशी फारसा संबंधच नव्हता.

शनिवारी लिफ्ट भाड्याने घेतली. उजवी स्प्रिंग हाताने निघाली, डावी जरा रुसली. रिंगा साफ करून गाडी मागून दोन सेंटीमीटर वर घेतली, उजवीकडे थोडी जास्त, दोन्ही कोपरे सारखे केले, कागदांच्या रेंजमध्ये आहे. शॉकअप तसेही सुटलेच होते म्हणून क्लिक मोजले: डावा शेवटापासून चार, उजवा अकरा! पैज जिंकलात प्रतिसाद १. दोन्ही आठवर ठेवले.

झेनॉन दिव्यांचा सेन्सर मागच्या आर्मला जोडलेला असतो हे मात्र कोणीच सांगितलं नव्हतं, हाइट बदलल्यावर दिवे जरा खाली बघायला लागले, ते अलाइनमेंटच्या वेळीच सेट करून घेणार आहे.

आता अडलंय ते प्रतिसाद ४ म्हणाले तिथेच. उजवा कॅम्बरचा बोल्ट फिरला, डावा रबर पिळून परत येतोय. आर्म मागवलाय. जुना बोल्ट कापायला आरी घालायची म्हटलं तर आर्म आणि सबफ्रेमच्या मधे पातं कसंबसं जाईल असं दिसतंय. सबफ्रेम खाली न उतरवता हे कोणी केलंय का? पुढच्या शनिवारची लिफ्ट बुक आहे.