बेसिनखालच्या कपाटाची पट्टी फुगली, चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) स्वतः बदलता येईल का?

डिचोलीकर:
घर जुनं, चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतींचं. बाथरूममधलं बेसिनखालचं कपाट पार्टिकल बोर्डाचं आहे. खालची पट्टी पाणी पिऊन फुगलीय, दाराच्या कडेचा सनमायका नखाने उचलतो. मागच्या भिंतीला पोपडे सुटलेत. मेस्त (सुतार) चवथीआधी मिळत नाही, सगळ्यांची कामं तेव्हाच निघतात. ड्रिल, पटाशी, रंधा घरात आहे. नुसती पट्टी आणि दारांची बिडिंग (कडेची पट्टी) बदलून भागेल का? सागवानाची लावू की पीव्हीसीची?

फोंड्याचा रंधा:
पट्टीला हात लावण्याआधी स्क्रू ड्रायव्हरचं टोक कपाटाच्या खालच्या कडेत दाबून बघा. रुतलं तर ती फळी गेली. फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळला तरी पूर्ववत होत नाही, भुसा सुटतो, स्क्रू धरत नाही. त्याच्यावर नवी पट्टी म्हणजे पैसे पाण्यात.

मग पाणी येतं कुठून ते शोधा. चिरा सच्छिद्र, पावसात जमिनीतली ओल वर ओढतो. पण बेसिनचा पाइपही गळत असेल. जोडाला टिश्यू गुंडाळा, बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडा.

नवीन फळी डब्ल्यूपीसीची, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली घ्या. प्लायच हवं असेल तर नुसत्या ‘वॉटरप्रूफ’ शब्दावर जाऊ नका, फळीवर आयएस ७१० (मरीन प्लायचं मानक) छापलेलं बघा. आणि कापलेली प्रत्येक कड प्रायमरने बंद करा, पाइपसाठी पाडलेल्या भोकाचीसुद्धा. पाणी शिरतं ते तिथूनच, सनमायकातून नव्हे.

सागवान मलाही जिवापाड आवडतं, पण या हवेत पॉलिश धड वाळत नाही. आता पीव्हीसी लावा, सागवान जानेवारीत.

पेडण्याची ताई:
पोपड्यांवर ऑइल पेंट मारू नका हं. ओल आत कोंडते आणि प्लास्टरच सुटून येतं. आमच्याकडे कपाटाची मागची फळीच काढून टाकली, भिंतीला वारा लागतो, कुबट वासही गेला.

डिचोलीकर:
फळी रुतली, खालची पूर्ण काढतो. पट्टी फरशीला टेकवून सिलिकॉन भरू?

फोंड्याचा रंधा:
नको! खाली बोटभर फट ठेवा, सांडलेलं पाणी वाहून जाऊ दे, फडकं फिरू दे. सिलिकॉन फक्त बेसिन आणि भिंतीच्या सांध्यात, तेही बुरशीरोधक. कपाट भिंतीला टांगणार असाल तर फास्टनर प्लास्टर ओलांडून चिऱ्यात खोल जायला हवा. चिऱ्यात भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक ऐसपैस होतं आणि प्लग गरगर फिरतो. स्क्रू स्टेनलेसचे.

डिचोलीकर:
टिश्यू ओला झाला, बॉटल ट्रॅपच्या (बेसिनखालच्या बाटलीसारख्या जोडाच्या) वरच्या नटाखाली. अख्खा ट्रॅप बदलू?

फोंड्याचा रंधा:
आधी वॉशर बदलून बघा. नट प्लास्टिकचा असेल तर हातानेच आवळा, पान्याने चिरतो.