अँड्रॉइडवर आयफोनची उसळी कशाला?

सातपूरकर: काल इथे एकाने सल्ला दिला, 'सगळ्या लिस्टना बाउन्सिंग फिजिक्स लावा, म्हणजे टोकाला यादी रबरासारखी उसळते, अँड्रॉइडवरही ॲप भारी वाटतं.' अहो, आपण ज्यात ॲप बनवतो ते फ्लटर फोन बघून आपणहून ठरवतं ना? आयफोनवर बाउन्सिंग, अँड्रॉइडवर क्लॅम्पिंग, म्हणजे टोकाला सरकणं थांबतं, खाली मोकळी जागा दिसत नाही. अँड्रॉइड 12 पासून टोकाला यादी ताणली जाते, लोकांना तीच सवय. आमच्या कांदाभावाच्या ॲपला बाउन्सिंग लावून पाहिलं. शेवटच्या ओळीखाली पांढरी जागा दिसली की शेतकरी समजतो अजून भाव येतायत, आणि ओढत बसतो.

कॉलेजरोडवाला: सल्ला माझाच. क्लायंट आयफोनवाला आहे, त्याला उसळी हवी आणि पैसे तो देतो. तत्त्वांवर ऑफिसचं भाडं निघत नाही.

पंचवटीची ताई: फिजिक्सवर कसले भांडताय! लिस्ट अडखळते ती श्रिंकरॅपने, म्हणजे यादीची उंची तिच्या ओळींएवढी करणाऱ्या सेटिंगने. कॉलममध्ये, म्हणजे उभ्या मांडणीत, लिस्ट कोंबायची, एरर आला की श्रिंकरॅप ट्रू ठोकायचं. मग सगळ्या ओळी एकदम मांडल्या जातात, दिसतील तेवढ्याच ओळी बनवणारा बिल्डर वापरून उपयोग शून्य. यावर उपाय स्लिव्हर, म्हणजे एकाच स्क्रोलमध्ये जोडायचे पानाचे तुकडे. मुलाखतीला आलेल्या पोराला ते विचारलं तर म्हणे, 'क्लासमध्ये नव्हतं.' एवढी फी घेऊन शिकवतात काय?

क्लासवाला: ताई, पोरं तीन महिन्यांत नोकरी मागतात. स्लिव्हर शिकवत बसलो तर बॅच अर्ध्यात पुण्याला पळते.

पंचवटीची ताई: पळणारच. इथे शिकायला मिळतं काय?

क्लासवाला: मग पगार पुण्याचा द्या! नाशिकच्या पगारात स्लिव्हरवाली पोरं हवीत यांना.

सातपूरकर: अरे, विषय स्क्रोलचा चाललाय!

निफाडकर: मी द्राक्षवाला, तुमचं फिजिक्स कळत नाही. सुट्टीला दोनच बाजार समित्यांचे भाव असतात. तेवढी यादी खाली ओढायला जावं तर हलतच नाही. भाव सकाळचाच. तेवढं करा, मग उड्या मारा.

पंचवटीची ताई: दादा, यांनी लिस्टला स्वतःचा कंट्रोलर, म्हणजे स्क्रोल हाताळणारा कोड, दिला असणार. मग ओळी कमी असल्या की रिफ्रेश ओढता येत नाही. ऑलवेजस्क्रोलेबल लावा, ते ओळी कमी असल्या तरी ओढू देतं. त्याला पॅरेंट, म्हणजे जोडीला दुसरं फिजिक्स, देऊ नका. टोकाची वागणूक ज्या त्या फोनचीच राहते.

सातपूरकर: बरं, लावतो. पण कॉलेजरोडवाले, तुमचा क्लायंट आयफोनवर बघतो ना? तिथे बाउन्सिंग आधीपासूनच आहे. मग सल्ला कुणासाठी होता?

कॉलेजरोडवाला: त्याच्या मुनीमजींचा फोन अँड्रॉइड आहे. बिल तेच पास करतात. आता बोला.