न्यूटनचा पहिला नियम वेगळा कशाला? आणि दुसरा हा नियम की नुसती व्याख्या?

ओळंबा
नववीच्या ‘गतीचे नियम’पासून पदवीपर्यंत दोन शंका तशाच पुढे ढकलल्या जातात. बल = वस्तुमान × त्वरण यात बल शून्य घातलं की त्वरणही शून्य. म्हणजे पहिला नियम दुसऱ्याच्या पोटातच आहे, मग तो वेगळा का सांगायचा? आणि बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, वस्तुमान म्हणजे बल भागिले त्वरण, असं म्हटलं की आपण गोल गोल फिरतो. यात प्रयोगाने खोटं ठरू शकेल असं काय उरतं? १६८७ साली न्यूटनने वस्तुमान म्हणजे घनता गुणिले आकारमान असं सांगितलं, पण घनता वस्तुमानाशिवाय मांडायची कशी? अकरावीच्या वर्गाला हे टेबलावर करून दाखवता येईल का?

उंबरठा
पहिल्या शंकेबद्दल. दुसरा नियम कुठे उभं राहून लावायचा, हे पहिला नियम ठरवतो. एसटी ताशी ३६ किमी वेगाने जाताना ब्रेक लागला आणि ती ४ सेकंदांत थांबली. मंदन २.५ मी/से². मधल्या वाटेत हलक्या चाकांची अर्धा किलोची ट्रॉली आहे, ती ड्रायव्हरकडे धावत सुटते. सीटवर बसून हिशेब केला तर तिच्यावर १.२५ न्यूटन बल हवं. ते लावतंय कोण? कुणीच नाही. रस्त्यावरून पाहिलं तर ट्रॉली आपल्या जुन्या १० मी/से वेगानेच चालली आहे, बल शोधायची गरजच नाही. जिथे मोकळी, म्हणजे कुठलंच बल न लागलेली, वस्तू सरळ, एकसारखी चालते अशी संदर्भचौकट (जिथून गती मोजायची ती जागा) असते, हे पहिल्या नियमाचं विधान आहे. ते दुसऱ्यातून निघत नाही.

‘वस्तू मोकळी आहे हे कशावरून?’ हा पुढचा प्रश्न रास्त आहे. १८८५ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लुडविग लांगे याने तो सोडवला. एका बिंदूतून तीन मोकळे कण एका प्रतलात नसलेल्या तीन दिशांना सोडा. ते तिन्ही सरळ रेषेत जातील अशी चौकट निवडणं हा निव्वळ संकेत. त्याच चौकटीत चौथा कणही सरळच जातो, हा मात्र निसर्गाचा नियम.

तराजू
वस्तुमानाचा गुंता भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माखने १८८३ च्या ग्रंथात सोडवला: दोन वस्तू एकमेकींना ढकलतात तेव्हा त्यांच्या त्वरणांचं व्यस्त गुणोत्तर म्हणजेच वस्तुमानांचं गुणोत्तर. बल आधी ठाऊक असावं लागत नाही.

टेबलावर असं करा. दोन ट्रॉल्यांमध्ये स्प्रिंग दाबून शिवणाच्या दोऱ्याने बांधा. दोन्ही टोकांना लाकडी अडथळे. दोरा उदबत्तीने जाळा. कात्रीने कापलात तर एका ट्रॉलीला हमखास धक्का बसतो. मग कान द्या. दोन ‘टक्’ वेगवेगळे ऐकू आले, तर जी ट्रॉली उशिरा पोचते तिच्या बाजूला सुरुवातीची जागा सरकवा. एकच ‘टक्’ आला की अंतरं मोजा, ट्रॉलीची लांबी वजा करून. अंतरांचं व्यस्त गुणोत्तर हेच वस्तुमानांचं गुणोत्तर.

चूक होते ती घर्षणाने. समजा वेग सेकंदाला ८० आणि ४० सेंमी, वेळ एक सेकंद, घर्षणाचं मंदन दोघींना सारखंच, ५ सेंमी/से². दोघींचीही अडीच सेंमी कमी होतात, अंतरं ७७.५ आणि ३७.५ येतात आणि गुणोत्तर २ ऐवजी २.०७. टेबलाला उतार देऊन हे भरून काढता येत नाही, कारण ट्रॉल्या उलट दिशांना जातात. स्प्रिंग ताठ घ्या, अंतर कमी ठेवा.

आता खरी गंमत. समजा वस्तुमानात क ट्रॉली ही ख च्या दुप्पट आली, ख ही ग च्या दीडपट. मग क ही ग च्या तिप्पट यायलाच हवी का? हे तर्काने सिद्ध होत नाही, तिसरी जोडी प्रत्यक्ष सोडूनच कळतं. खोटं ठरू शकणारं विधान हे आहे. वर्गाने तिसऱ्या जोडीचं उत्तर आधी फळ्यावर लिहावं आणि मगच दोरा जाळावा.

मोजपट्टी
बलाचंही तसंच. ठरावीक ताणलेली स्प्रिंग म्हणजे एक बल, तशाच दोन शेजारी शेजारी लावल्या की दोन. यात त्वरण कुठेच आलं नाही, म्हणून नंतर त्वरण दुप्पट होतं का हे पाहण्याला अर्थ राहतो.

प्रयोगशाळेतली नेहमीची पद्धत मात्र सांभाळून वापरा. कप्पीवरून ५० ग्रॅम लटकवून ५०० ग्रॅमची ट्रॉली ओढली की मुलं बल ०.४९ न्यूटन धरतात आणि त्वरण ०.९८ अपेक्षितात. येतं ०.८९, कारण लटकतं वजनही त्वरणित होतं आणि दोऱ्यातला ताण ०.४५ न्यूटनच असतो. वजनं वाढवत गेलं की आलेख वाकतो आणि दोष घर्षणावर जातो. सगळी वजनं आधी ट्रॉलीवर ठेवा आणि तिथूनच एकेक काढून दोऱ्याला लावा. एकूण वस्तुमान तेच राहतं, आलेख सरळ येतो.

ओळंबा
आभार, तिसरी जोडी नक्की घेतो. पण टेबल स्वतःच फिरणाऱ्या पृथ्वीवर आहे. ती चौकट चालते का?

उंबरठा
या प्रयोगापुरती चालते. सेकंदाला १ मीटर वेगाच्या ट्रॉलीवर पृथ्वीच्या फिरण्याचा कोरिऑलिस परिणाम (चालती वस्तू बाजूला वळल्यासारखी दिसते तो) जास्तीत जास्त ०.०००१५ मी/से². वर तराजू यांनी धरलेलं घर्षण ०.०५, म्हणजे तीनशेपटीहून जास्त. तासन्‌तास साठत गेला तरच तो दिसतो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फूकोने १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटरच्या तारेवर २८ किलोचा गोळा झुलवला तो त्यासाठीच. पुण्यात असा लंबक टांगला तर त्याचं झुलण्याचं प्रतल तासाला सुमारे ४.८ अंश वळेल.