आरसीवरचं नाव बदलताना : तुमचे अनुभव लिहा

अमळनेरची लेक
२०१९ च्या आधीच्या गाडीला नवीन नंबर प्लेट लावायची म्हणून भावाने फोनवर चेसी नंबर विचारला. माहेरीच होते, कपाटातली पिशवी काढली. त्यात आप्पांची जुनी आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद. कडा मऊ पडलेल्या, आत पेट्रोल पंपाची एक चिठ्ठी, शाई पार उडालेली. मग दुपारभर काही सुचलं नाही.

आप्पा गेले तेव्हा मारुती ८०० त्यांच्या नावावर होती. दिवस झाले आणि नातेवाईक म्हणायला लागले, पोराच्या नावावर करा, पोरीची सही घेऊन टाका. मी सही करणारच होते. पण भाऊ म्हणाला, गाडी आईच्या नावावर होईल. सगळे म्हणे, तिला कुठे चालवता येते? भावाने चौकशी करून आणली, मालक व्हायला लायसन लागत नाही, लायसन चालवणाऱ्याला लागतं. ३१ नंबरचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, आम्हा दोघांचं प्रतिज्ञापत्र. एजंटकडचा मुलगा बॉनेट उघडून चेसी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासत होता, आई शेजारी उभी राहून बघत होती.

कार्ड आलं. मालक आईचं नाव, खालच्या ओळीत पती म्हणून आप्पांचं. शेत सासऱ्यांचं, घर आप्पांचं. आईच्या एकटीच्या नावावर लागलेली ही पहिली वस्तू. तिने कार्ड देवघरात ठेवलं होतं कितीतरी दिवस.

तुमच्याकडे नाव बदलताना काय काय झालं, लिहा. कागदपत्रांचं लिहा आणि घरातलंही लिहा.

चोपड्याची सून
ताई डोळे भरले वाचून. पोळ्या टाकतेय, नंतर लिहिते.

रावेरकर
माझी पिकअप केळीच्या व्यापाऱ्याने घेतली. विक्रीच्या २९-३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या, पैसे मिळाले, त्याने नावावर करून घेतलीच नाही. पुण्याकडचे चलन माझ्या मोबाईलवर!! एकदा तर रात्री दोनला मेसेज, बायको घाबरून उठली, कोणाचा अपघात झाला की काय. चलनाचं सोडा हो, त्या गाडीखाली कोणी आलं असतं तर? २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, नोंद ज्याच्या नावावर तोच मालक, भरपाई त्याच्याच गळ्यात. विकणाऱ्यानेही १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं (राज्यातल्या राज्यात), मी ते केलेलं होतं म्हणून त्याला धरता आलं. घेणाऱ्याच्या भरवशावर बसू नका. नाव बदललेलं स्वतः ऑनलाईन बघा आणि मगच झोपा.

शिरपूरचा जिभाऊ
ताई, बठ्ठं वाचं. मन भरी उनं. आमना आबास्नं ट्रॅक्टर आजून आबास्ना नाववर शे. तिन्ही भाऊस्नी सह्या व्हयन्यात, आते व्हई जाई.

रावेरकर
जिभाऊ, ट्रॅक्टर नावावर झालं की पार्टी. बामणोदची वांगी मी आणतो.

शिरपूरचा जिभाऊ
कळण्यानी भाकर आमनाकडथून 😄

धुळ्याहून
कोणी बोजाचं लिहिलं नाही. कर्ज फिटलं म्हणजे सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही, तसंच आरसीचं. बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि ३५ नंबरचा फॉर्म देऊन एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरवावी लागते. माझ्या मेव्हण्याचं गिऱ्हाईक आलं, भाव ठरला, आरसीवर बँकेचं नाव तसंच. ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली. गिऱ्हाईक थांबलं बिचारं, सगळे थांबत नाहीत.

भुसावळ जंक्शन
आम्ही बऱ्हाणपूरहून बदलून आलो, गाडी एमपी पासिंग. रावेरच्या पुढे गेलं की एमपी, लोकांना वाटतं एवढ्याशा अंतराला काय होतंय. पण इथे कायमचं राहायचं तर तिकडची एनओसी (२८ नंबर), इकडे टॅक्स, मग एमएच १९, म्हणजे जळगावचा नंबर. तिकडच्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण तो तिकडेच जाऊन. आता भुसावळचं ऊन आणि ती रांग, जाऊ द्या. मिस्टर रेल्वेत, रजा मिळेना, सगळं मीच केलं.

माहेरवाशीण पारोळा
माझी वेगळीच गोष्ट. स्कूटी बाबांनी कॉलेजात घेऊन दिली, माहेरच्या नावाने. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव लागलं. विकायला काढली तर दोन्ही नावं जुळेनात. नाव बदलल्याच्या राजपत्राची प्रत जोडायला सांगितली. सासूबाईच म्हणाल्या, विकू नको, बापाने दिलेली आहे, असू दे तुझ्याच नावाने. अजून पळतेय. सासूबाईंचं हे मला फार आवडलं, म्हणून लिहिलं.

चोपड्याची सून
आले. सासऱ्यांची गाडी आहे, फेब्रुवारीत गेले ते. सासूबाईंच्या नावावर करायची म्हणतोय. किती दिवसांत करायचं असतं?

अमळनेरची लेक
आरटीओला ३० दिवसांत कळवायचं आणि ३ महिन्यांत अर्ज. तोपर्यंत वापरता येते. मूळ आरसी, विमा, पीयूसी, दाखला सगळं एका फाईलीत ठेव. सासूबाईंना सोबत ने, त्यांच्यासमोर होऊ दे.

पाचोरेकर
विमा विसरू नका!! आमच्या शेजाऱ्यांनी आरसी नावावर केली, पॉलिसी जुन्याच नावाने राहिली. एरंडोलजवळ ट्रकने घासली. समोरच्याच्या नुकसानीचं कव्हर गाडीबरोबर येतं, पण आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा नामंजूर. गाडी विकत घेतली असेल तर विमा कंपनीला १४ दिवसांत अर्ज करायचा. नो क्लेम बोनस (दावा न केल्याची सूट) विकणाऱ्याचा, तो विकलेल्या गाडीबरोबर येत नाही.

धुळ्याहून
पाचोरेकर, दुखापत नाही ना झाली कोणाला?

पाचोरेकर
नाही नाही. दरवाजा आणि आरसा गेला फक्त.

नंदुरबार
नवीन गाडी घेताय तर नोंदणीच्या वेळीच नॉमिनी लावा, २०२१ पासून सोय आहे. मी बायकोचं लावलं. शोरूमवाले स्वतःहून विचारत नाहीत, आपण सांगायचं.

भुसावळ जंक्शन
जुन्या गाडीला लावता येतो का?

नंदुरबार
हो, पोर्टलवरून नंतरही लावता येतो. आधारला जोडलेला मोबाईल हाताशी ठेवा, ओटीपी येतो.

चोपड्याची सून
ताई, सासूबाईंना वाचून दाखवलं. सोमवारी जातोय दोघी.